टॉवेलाखालचा तिसरा हात

श्री. ऋषिराज यांना,
शिवांजलीचा सविनय नमस्कार.

ओळख अवघ्या एका दुपारची असताना आपल्याला पत्र लिहिण्याचे धाडस करीत आहे, त्याबद्दल आधी क्षमा मागते. शाळेत पत्रलेखनात मला पैकीच्या पैकी गुण असत. परंतु ती सर्व पत्रे अनियमित पाणीपुरवठ्याबद्दल मुख्याधिकाऱ्यांना लिहिलेली होती. तरुण गृहस्थांना (हा शब्द दोनदा खोडून पुन्हा तोच लिहिला आहे) काय लिहावे, याचा सराव नाही. आपली प्रकृती उत्तम असावी. मेढ्याला थंडी फार असते असे ऐकते. स्वेटर घालत असाल, अशी आशा करते. आमच्याकडे उंब्रजला सर्व कुशल आहे.

साताऱ्याच्या ग्रंथप्रदर्शनात आपण सतारीची जुनी रेकॉर्ड विश्वासाने माझ्या हाती दिलीत आणि “ऐकून कळवा” म्हणालात. आमच्या घरी ती वाजवायला काहीच नाही, हे वाक्य माझ्या मनात कर्ता-कर्म-क्रियापदासह तयार होते; ते ओठांपर्यंत येईस्तोवर आपली एसटी सुटली. न ऐकता खोटे कौतुक लिहिणे मला जमणारे नव्हते, आणि काहीच न लिहिणे तर त्याहून नव्हते. म्हणून विद्यापीठात पहिली आल्याच्या बक्षिसातून टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचे यंत्र, घ्यायचे ठरवले. परीक्षेसारखा अभ्यास केला. निष्कर्ष असा की, स्वस्तातले घ्यायचे तर रूपावर जाऊ नये. सुईचा भार कमी-जास्त करता यावा, नाहीतर जड सुई रेकॉर्ड खरवडून काढते. आपली रेकॉर्ड खरवडली गेली तर आपल्याला तोंड कसे दाखवावे, या काळजीने मला जेवण जाईना.

बाबा सैन्यात, सध्या सीमेवर. त्यामुळे घरातली मोठी खरेदी हंबीरराव काकांशिवाय होत नाही. काका खिलार बैलांचे नामांकित पारखी. मिरजेत पीरमहंमद चाचांच्या दुकानात (ते जुने रेडिओ आणि रेकॉर्डची यंत्रे दुरुस्त करून विकतात) दोन यंत्रे आमच्यासमोर मांडली गेली. एक लालभडक, पेटीसारखे, आवाजाची सोय आतच असलेले, पण भार बदलता न येणाऱ्या जड सुईचे. दुसरे काळे, साधे, अगदी माझ्या टिपणांतले. काकांनी लाल यंत्राला चारी बाजूंनी फेरी मारली, पाठीवर थाप दिली आणि “जरा चालवून दावा की” म्हणाले. तबकडी फिरली. “चाल झ्याक हाय. रंगबी तांबडा. ह्येच घिऊ.” मी “परंतु” म्हणाले. ते मलाच नीट ऐकू आले नाही.

पुढच्या क्षणी काकांनी खांद्यावरचा टॉवेल चाचांच्या हातावर टाकला आणि त्याखाली बोटे धरून, दाबलेल्या बोटांनी भाव सांगत, बैलबाजारातल्यासारखा मुका सौदा सुरू केला. चाचांचे वडील शेळ्यांचे व्यापारी, त्यामुळे तेही रंगात आले. दोघांचे चेहरे दगडी, टॉवेलाखाली मात्र झटापट; रस्त्यावर माणसे थांबली. बाजारचा नियम मला ठाऊक होता: टॉवेलाखाली ठरलेला सौदा मोडत नाही. एक बोट दाबले जाण्याचा अवकाश, की आपली रेकॉर्ड गेली! तोंडातून शब्द फुटेना, तेव्हा मी (हे लिहितानाही कान तापले आहेत) टॉवेलाखाली हात घालून काकांचा अंगठा गच्च धरला.

“ह्यो माझा, ह्यो तुमचा,” चाचा म्हणाले, “मग काका, ह्यो तिसरा हात कुणाचा?”

“माझा,” मी म्हणाले. “काळे घ्यायचे आहे. मला.”

“आगं, मग मिरज येस्तवर त्वांड काय घरी ठिवलं हुतंस?” काका म्हणाले आणि रस्त्यासकट सगळे हसले. सौदा काळ्याचा झाला. किती रुपयांना, हे टॉवेलाखालीच राहिले. माझ्या पाकिटातल्या काही नोटा तेवढ्या परत आल्या.

घरी आईने नव्या मोटारसायकलीसारखी यंत्राची पूजा केली आणि नको नको म्हणत असताना झेंडूचा हार तबकडीवर ठेवला. कळ दाबताच पाकळ्या सर्वांच्या तोंडावर. त्या वेचून रेकॉर्ड लावली. अर्धी गल्ली जमलेली. आणि सुईतून मुंगी कुजबुजावी तेवढा आवाज! “मुकं निघालं गं!” काका ओरडले. फोनवर चाचा शांतपणे म्हणाले, “आवाज भायेरनं जोडावा लागतो. तुमी कुटं इचारलं?” (माझ्या टिपणांत हे पान राहून गेले होते.) काकांनी मग उसाचा ट्रॅक्टर अंगणात आणला, इंजिन बंद केले आणि त्यावरच्या गाण्यांच्या खोक्यांना, म्हणजे स्पीकरना, यंत्राची वायर जोडली.

आपली सतार उसाच्या फडावरून महामार्गापर्यंत गेली. तोडणीवाले कोयते टेकवून उभे राहिले. आलापभर काका “गानं कवा सुरू हुनार?” विचारत होते; शेवटी लय वाढली तसे उठून म्हणाले, “आत्ता पळाली जोडी!” मी इतक्या मोठ्याने हसले की शेजारच्या मनुबाई आईला म्हणाल्या, “आवं, तुमच्या पोरीला आवाज हाय की!” रेकॉर्ड कशी वाटली, याचे माझे उत्तर एवढेच आहे.

आपली विश्वासू (सवयीने लिहिले, राहू द्यावे),
शिवांजली

ता. क. रेकॉर्ड टपालाने पाठवली तर वाटेत तडकेल, अशी भीती वाटते.

आणखी एक. वरील भीती खरी नाही. पुठ्ठ्यात नीट बांधली तर ती सुखरूप पोचते, हेही मी वाचले आहे.

शेवटचे. रेकॉर्डची दुसरी बाजू मी अजून लावलेली नाही. काका रोज विचारतात, मी रोज सुईची सबब सांगते. ती आपण येथे येऊन ऐकावी आणि तेव्हा मी शेजारी बसलेली असावी, एवढीच या पत्रातली विनंती आहे. बाकीचा मजकूर गाळून वाचला तरी चालेल.

उंब्रज, टपालपेटीसमोर उभी राहून,
सोमवार, दि. २० जानेवारी २०२५, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे.