खांबाची वही

३ एप्रिल
सुमनचा फोन अजून चार्ज करतो. आज त्यावर सुरतच्या एका खेळाडूचा निरोप : “तोरणमाळच्या टेकडीवर सर्वेक्षणाच्या जुन्या खांबापाशी तुमचा डबा नव्हता. मी नवा ठेवला, ‘सापडला’ अशी नोंद केली. धन्यवाद!”
हा खेळ मी कधी खेळलो नाही; नियम मात्र पाठ आहेत, जेवताना ती तेच सांगत असे. डबा लपवायचा, जागा अ‍ॅपवर द्यायची. ज्याला सापडेल त्याने आतल्या वहीत चार ओळी लिहून डबा होता तिथेच ठेवायचा. न सापडल्यास तसे लिहायचे. हा गृहस्थ स्वतःच ठेवतो आणि स्वतःलाच सापडला म्हणतो!
हरवलेल्या डब्यातल्या वहीत सुमनचे अक्षर आहे. घरात कुठेही नाही. किराण्याची यादीसुद्धा ती फोनवर करी.

४ एप्रिल
त्याला लिहिले : “जिची वही आपण परस्पर निकालात काढलीत, ती सात महिन्यांपूर्वी वारली.” उत्तरादाखल जोडलेल्या हातांचे चित्र. चित्र!

६ एप्रिल
नंदुरबारहून जीपने वर. पुढे पायी. खांब कमरेएवढा, माथ्यावर वर्तुळ कोरलेले. भोवतालचे गवत जळून काळे. सुरतकरांचा डबा लाल झाकणाचा. आत कोरी वही. लाथ मारली. डबा दरीत गेला. शोभले नाही. दुसरा असता तर त्यालाही मारली असती.
“काय शोधी ऱ्हायना रे?”
मला ‘अरे’ म्हणणारे आता कोणी उरलेले नाही. जमनाबाई, खालच्या पाड्यावरच्या, शेळ्या घेऊन आलेल्या. वणवा लागला तेव्हा जळू नये म्हणून सुमनचा डबा त्यांनी घरी नेला होता. त्यांच्यासोबत घरी गेलो. त्यांनी धान्याच्या कणगीतून डबा काढला. मी हात पुढे केला.
“तुले नही. बाईनी खांबले दिन्हं शे.”
नव्या पिकाचे पहिले दाणे हे लोक त्या खांबाला वाहतात. वाहिलेले कोणी स्वतःसाठी नेत नाही. सांगितले, मी तिचा पती.
“तूच का तो? ती सांगे, तो काई वर येत नही.” बाई पोट धरून हसल्या.
अखेर वही मिळाली. उसनी. “आठ दिनमा परत लयी ये. एक पान कमी नको.”
माझ्याच पत्नीची वही!

७ एप्रिल
पहिले पान तिचे. “हवा स्वच्छ आहे, तापीची रेघ दिसते. ह्यांना बोलावले. म्हणाले, गुडघा दुखतो. गुडघा दुखत नाही.”
पुढे चौदा अनोळखी माणसे. नाशिकचा कोणी : “काकू, काकांना उचलून आणू का?” खाली तिचे अक्षर : “जड आहेत. अहंकारासकट नव्वद किलो.”
म्हणजे चार वर्षे चौदा माणसे मला हसत होती आणि ही वर चढून त्यांना उत्तरे देत होती. मला एका शब्दाने बोलली नाही.
नाही. बोलली. रोज, जेवताना.

१० एप्रिल
ब्लेड आणले. पहिले पान कापून ठेवून घ्यावे, बाकी वही खांबाला. जमनाबाईंना वाचता येत नाही. पान उलटले; मागे पुन्हा तिचे उत्तर, समोर आणखी एक. एक घ्यायचे तर सगळीच घ्यावी लागतील. रागाने ब्लेड मोडले. बोट कापले.

१३ एप्रिल
उद्या मुदत संपते. सुरतकरांचा निरोप : “काका, माझी जीप आहे. सोबत येऊ?” काका! उत्तर दिलेले नाही.
वही पिशवीत घातली, काढली, घातली. नियमाप्रमाणे ज्याला सापडली त्याने लिहायलाच हवे. नाशिककरांच्या, इंदूरकरांच्या रांगेत, पंधरावा. तारीख घातली. लिहिले : “सुमन, हे तू मला घरी सांगायला हवे होतेस.”
खोटे आहे. शाईने लिहिले आहे. या वहीत आजवर कोणीही खाडाखोड केलेली नाही.
आता खाली आणखी काहीतरी लिहावेच लागेल.