कॉम्प्युटरमधला तुमचा पाय

भद्रावती, ऑगस्ट २००८

पियूच्या बाबाले,

तुम्ही नकली पाय बसवाले नागपूरले गेले, म्हणून काल तुमची वही आणाले मी, तुम्ही पडद्यावर फिरती चित्रं बनवाले शिकता त्या कॉम्प्युटर क्लासमध्ये गेली. तुम्हाले शिकवणाऱ्या तहसीन मॅडम म्हणाल्या, "ताई, भाऊंनी काय बनवलं ते पाहाल काय?"

पडद्यावर एक माणूस उभा राह्यला. तुमचंच तोंड, तुमचीच मिशी. मले वाटलं, आता हा दोन पायांवर धावन. पण तो कुबडीवर होता. मॅडमनं त्याले फिरवलं, तसा गुडघ्याखालचा तुटका भाग समोर आला. टाक्यांची तिरपी रेघ, बाजूची काळी पडलेली कातडी, सगळं. मी मॅडमले विचारलं,

"असा काऊन बनवला? पाय देता आला असता ना?"

मॅडम खाली पाहत म्हणाल्या, "मीही हेच म्हटलं. तर भाऊ म्हणाले, मी आता कसा आहो ते कोणीतरी नीट पाहावं. घरी कोणी पाहत नाई."

खाणीतल्या अपघाताले दोन वर्षं झाली. पट्टी तुमची आई बदले, अन् मी पाणी तापवाच्या निमित्तानं उठून जात होती. तुम्हाले समजत नसन, असंच धरून होती. माह्या नवऱ्याचा पाय मी पहिल्यांदा पाह्यला तो परक्या बाईसंगं, कॉम्प्युटरवर.

हे पत्र पोस्टात टाकाची हिंमत नाई. शनिवारी तुम्ही नवा पाय घालूनच दारात उभे राहाल. मी तो काढाले लावीन. मले तुम्हाले पाहाचं आहे.

दोन वर्षं तोंड फिरवून बसलेली,
नीलिमा