कढीपत्त्याचा विटाळ

आई, मी त्या झाडाला हात लावला नव्हता. तू जाऊन वीस वर्षं झाली तरी हे सांगताना माझा आवाज चढतो. राग उतरलेला नाही, उतरावा असं वाटतही नाही.

हेब्बाळच्या आमच्या बाल्कनीत कुंड्या आहेत. पुदिना, कोथिंबीर, पानओवा, कढीपत्ता. तुझी नात पाळीतही पानं खुडते. तुझा नियम सांगितला तेव्हा ती म्हणाली, ‘‘माझ्या हातात एवढी ताकद असती तर पानांवरचे हे पिठ्या ढेकूण आधी मेले असते ना!’’ ती हसली. मला हसता आलं नाही. त्या क्षणी मी पुन्हा चौदा वर्षांची आहे, चिकपेटच्या आपल्या घरी, दुकानामागच्या अंगणात, चार दिवस पायरीवर, तेलाच्या डब्यात लावलेल्या तुझ्या कढीपत्त्याकडे पाठ करून. माझी सावलीही तुला चालत नाही. जेवणं झाली की तू उरलेलं ताक झाडाला घालतेस. आंबट ताकानं कढीपत्ता फोफावतो, हे इथं सगळ्यांना ठाऊक. पण आपल्याकडे ताक ताटात वाढण्याआधीच त्यात मीठ पडायचं. रोज तेच ताक, त्याच डब्यात. पानं कडेनं करपली, गळली, उन्हाळा सरायच्या आत नुसती काटकी उरली.

शेजारच्या अक्कांसमोर तू मला उभं केलंस. ‘‘शिवलीस ना भवाने?’’ ‘‘नाही.’’ ‘‘मग काय आपोआप जळलं?’’ अक्का माझ्याकडे बघत म्हणाल्या, ‘‘होगली बिडी, जाऊ द्या हो, लहान आहे.’’ तू सोडलं नाहीस. मावशीला सांगितलंस, आत्याला सांगितलंस. पुढं मला बघायला आलेल्या बायकांनाही हसत हसत सांगितलंस की हिच्या हाताखाली झाड जगत नाही. त्या परत आल्या नाहीत. शेवटच्या आजारात याच हातांनी तुला भरवलं, पुसलं, कूस बदलून दिली. तेव्हा हे हात चालले. तेव्हाही एकदा म्हणाली नाहीस, की चुकलं असेल माझं.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, ते बरंच आहे. त्या उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच अक्कांनी मला भिंतीपाशी बोलावून सांगितलं होतं, ताकात मीठ आहे, झाड मरेल, आईच्या कानावर घाल. ‘सरी, सांगते,’ म्हणून मी मान हलवली. तुला सांगितलं नाही.