बाद केलेले साठ फॉर्म

सोलापूर, रविवार, १५ मार्च

प्रिय वैष्णवी,
सप्रेम नमस्कार.

काल पोटनिवडणुकीचा निकाल लागला. आमच्या सर्व्हे कंपनीने बारा हजारांनी विजयी ठरवलेला उमेदवार नऊ हजारांनी पडला. करकंबचे आकडे फॉर्म गोळा करणाऱ्या आपल्या जोतिरामने मतमोजणी केंद्रावरूनच कळवले. तुझ्या साठ बायकांचा कल जिकडे होता, तिकडेच गाव गेलं.

काकूंचा गुडघा कसा आहे? बाबांनी तुझ्यासाठी शेंगाचटणी वेगळी काढून ठेवली आहे. तू आता आमच्याकडे येत नाहीस, हे त्यांना मी सांगितलेलं नाही.

काल आमच्या कंपनीचे गुरुराज सर चॅनेलवर होते. शांतपणे म्हणाले, "महिलांनी शेवटच्या दोन दिवसांत मन बदललं." मला शिसारी आली. कुणी मन बदललं? बायकांनी महिनाभर आधीच सांगितलं होतं, तुझ्या त्या स्टीलच्या डब्यात.

करकंबला सर्व्हे घेतलास, त्या दिवशी मी तुझ्याबरोबर होते. रंभाबाईंचे मालक दारातूनच म्हणाले, "आमच्या घरची समदी मतं एकाच जागी जात्यात." तू रंभाबाईंच्या हातात चिठ्ठी दिलीस. "मावशी, खूण करा आन् डब्यात टाका. मी बी बघणार न्हाय."

"ह्यांनला बी दावायची न्हाय ना?" त्या हसल्या. "मग आण हिकडं."

पुढे फेरतपासणीचे फोन मी केले. फॉर्मवर नंबर होते ते घरातल्या पुरुषांचे. साठांपैकी एक्केचाळीस जणांनी सांगितलं की बायकोला कुणी काही विचारलंच नाही. रंभाबाईंचे मालकसुद्धा म्हणाले, "तिला काय इचारायचं? म्याच सांगितलं की." ते दारात उभे होते, वैष्णवी, आणि मी तुझ्या शेजारी.

सरांनी आपला आकडा गिऱ्हाइकाला आधीच कळवून टाकला होता. म्हणाले, "निवेदिता, हे साठ काढले की जुळतंय." मी काढले. कारण लिहिलं, 'फॉर्म घरी बसून भरले आहेत.' बायकांच्या जागी त्याच गावातल्या पुरुषांच्या उत्तरांना दुप्पट वजन दिलं. याला आमच्याकडे भारांकन म्हणतात. तो तक्ता मी स्वतः केला आणि त्याच हातांनी दुपारचा डबा खाल्ला.

माझ्या त्या एका ओळीवर तुझं नाव बोगस सर्व्हेअरच्या यादीत गेलं. यादी सगळ्या कंपन्यांकडे फिरली. दुसऱ्या कंपनीचं जेऊरचं सर्व्हेचं कामही तुझ्या हातून गेलं. तू फोन केलास, एवढंच म्हणालीस, "तू तर हुतीस की गं तितं." मी फोन ठेवून दिला.

माझी चूक झाली, असं लिहून सुटता आलं असतं. पण चूक नव्हती ती. मला माहीत होतं.

आज सकाळी गिऱ्हाइकाला आणि यादी गेलेल्या प्रत्येक कंपनीला मी लेखी कळवलं आहे: साठही फॉर्म खरे आहेत, मी तिथे हजर होते, खोटा माझा अहवाल आहे. दुपारीच सरांचा निरोप आला. उद्या अकराला लॅपटॉप आणि ओळखपत्र घेऊन यायचं आहे. माझी जागा राहील असं वाटत नाही. यादीतून तुझं नाव निघायला आठवडा तरी लागेल, असं जोतिराम म्हणतो.

तोवर माझा फोन घेऊ नकोस. नंतरही घेतलाच पाहिजेस असं नाही.

त्या दिवशी तिथे असलेली,
निवेदिता