परत न घेतलेलं पुस्तक

४ फेब्रुवारी

नाणूनं आज नवं पुस्तक दिलं नाही. जुनं परतही घेतलं नाही! मी ते टेबलावर ठेवलं, तर हा ग्रंथपाल पंख्याकडे बघत बसला. मग कळलं — पक्षानं आपल्याला वाळीत टाकलंय.

ग्रंथालयातल्या रविवारच्या चर्चेत मी एवढंच म्हणालो होतो, "या पुस्तकात लिहिलंय, सत्तेला प्रश्न विचारावेत. मग टेकडीवरच्या खाणीबद्दल आपल्या पक्षाला कुणी विचारायचं?" तेव्हा सगळे हसले होते. नाणूही.

विड्यांच्या कारखान्यात नाणू आणि मी मांडीला मांडी लावून बसायचो. एक जण मोठ्यानं वाचायचा, त्याच्या वाट्याच्या विड्या बाकीचे वळायचे. तिथेच पुस्तकांची चटक लागली, मग अक्षरं गिरवली. नाणूनंच गिरवून घेतली.

६ फेब्रुवारी

चहाच्या टपरीवर माझ्यादेखत पेले पालथे घातले. घरी येऊन काळा चहा केला. फार कडू झाला.

९ फेब्रुवारी

तेच पुस्तक पुन्हा काढलं. लेखक म्हणतो, समाज म्हणजे माणसांनी एकमेकांशी केलेला करार. बाबा रे, तुझी बायको कधी विहिरीपाशी पडली होती का?

जानू घसरली. खुब्यात मोडलं असावं, पाय हलवू देत नाही. तळावर रिक्षा रिकाम्या उभ्या. एक रिक्षावाला तर मला बघून घोरायलाच लागला. भर दुपारी, डोळे मिटून!

१० फेब्रुवारी

उजाडायच्या आत पवित्रन मागच्या वाटेनं रिक्षा घेऊन आला. "रामेट्टा, बोलत बसू नका. चेचीला उचला आधी."

कण्णूरला दाखल केलं. हाडात सळई घालणार. आम्हाला एट्टा-चेची, दादा-ताई म्हणणाऱ्या त्या पोराला दोन लेकी आहेत, पोट रिक्षावर. तरी आला.

१९ फेब्रुवारी

जानू घरी आली. आता दर आठवड्याला दाखवायला न्यायचं, नाहीतर पाय कायमचा जाईल. पवित्रन म्हणाला, "मी आहे ना!"

पुस्तकात शिक्षेवर मोठं प्रकरण आहे. तुरुंग, फटके, फाशी, सगळं आहे. वाळीत टाकणं नाही. मी पेन्सिलीनं समासात लिहिलं — बोलणं तोडणं ही सगळ्यात स्वस्त शिक्षा. करणाऱ्याला काहीच खर्च येत नाही.

ग्रंथालयाच्या पुस्तकात लिहू नये. पण परत घेतंय कोण!

२३ फेब्रुवारी

नाणू अंगणात आला. माझ्याशी बोलायचं नाही, म्हणून गायीशी बोलला. "अगं गाई, घरात ग्रंथालयाचं पुस्तक असेल तर ओट्यावर ठेवायला सांग. रविवारी चर्चा आहे."

मी गायीला म्हटलं, "त्याला सांग, पान दुमडू नको."

२६ फेब्रुवारी

चर्चेसाठी माडावर कर्णा बांधलेला. सगळं घरात ऐकू आलं. नाणूचा आवाज — "कुणा सुजाण वाचकानं समासात लिहिलंय, बोलणं तोडणं ही सगळ्यात स्वस्त शिक्षा..." टाळ्या! थांबेचनात. माझं अक्षर तो ओळखत नाही होय?

जानू म्हणाली, "अहो, हे तुमचंच!" आणि इतकी हसली की खुबा दुखून रडायला लागली.

३ मार्च

पवित्रनला कुणीतरी आमच्याकडे येताना पाहिलं. सीट फाडली, काच फोडली, रिक्षा तळावरून हाकलली. दवाखान्याची तारीख चुकली. जानूचा पाय सुजलाय.

५ मार्च

नाणू आज थेट माझ्याशी बोलला! "रामेट्टा, झालं गेलं विसरा. जानूचेचीला पक्षाची गाडी नेईल, दर आठवड्याला. फक्त त्या पवित्रनशी बोलायचं नाही."

मी म्हटलं, "त्याच्या पोरींचं काय रे?"

"तुमच्या बायकोचा पाय बघा."

आत जानू कण्हत होती. तिनं ऐकलं.

७ मार्च

गाडी वेळेवर आली. गादी मऊ होती. येताना ग्रंथालयापाशी थांबलो, नवं पुस्तक मिळालं. पवित्रन त्याच्या फाटकात उभा होता. "रामेट्टा, चेचीचा पाय कसाय?" मी पुस्तक उघडून बघत राहिलो. काहीच खर्च आला नाही.