लेसर, जबडा आणि एक हं

४ मार्च, सकाळी ९
कानापुढचा जबड्याचा सांधा दोन महिने दुखतोय. तोंडात दोनच बोटं मावतात. डेंटिस्टबाई म्हणाल्या, दात आवळून धरता, टेन्शन आहे का? मी सांगितलं, कसलंच नाही. सांगताना जबडा कट्कन वाजला. लो लेव्हल लेसरची आठ सिटिंग, मऊ खाणं आणि कमी बोलणं, असं ठरलं. मी मुळात मोजकंच बोलतो. 'लो लेव्हल' मात्र खटकलं. बत्तीस वर्षं सुपरवायझर होतो. हाय लेव्हल नाही का, विचारलं. म्हणाल्या, त्याने कापतात. लो घेतलं.

७ मार्च
पहिलं सिटिंग. काळा चष्मा लावून आडवा झालो. ऊब थेट सांध्यात उतरल्याचं स्पष्ट जाणवलं. तसं बाईंना कळवलं. म्हणाल्या, मशीन अजून लावलं नाही, पेनाने खूण करतेय. लावल्यावर काहीच जाणवलं नाही.
आजपासून कडक मौन. संध्याकाळपर्यंत फक्त तीनदा बोललो. ही म्हणते, अर्धा तास तर पेपरवाल्याशीच.

१० मार्च
लेकीचा फोन. एरवी महिन्यातून एकदा, तोही आईला. कामात असते बिचारी. आज ही आंघोळीला गेली होती म्हणून मी उचलला. लेक पंचवीस मिनिटं बोलली. मी नुसतं हं. पोरगी छान बोलते. माहीतच नव्हतं.

१४ मार्च
तिसरं सिटिंग. लेक आता रोज माझ्याच फोनवर. माझ्या सल्ल्यावाचून अडत असणार. वहीत लिहून ठेवतोय, जबडा सुटला की एकदम देईन. सव्वीस मुद्दे झाले.

१८ मार्च
घोटाळा. लेक म्हणाली, बाबा, ऑफिस सोडते आणि जुनं फर्निचर दुरुस्त करायचं वर्कशॉप काढते, तुला चालेल ना?
मी ठामपणे 'अंहं' म्हणालो. 'अं' जबड्यात अडकला, 'हं' तेवढा बाहेर पडला.
ती मग रडायला लागली. म्हणाली, आयुष्यात पहिल्यांदा तू मला अडवलं नाहीस.
लगेच दुरुस्ती करायला हवी होती. पण त्या वेळी जबडा फारच दुखत होता.

१ एप्रिल
आठवं सिटिंग. तीन बोटं! दुखणं जवळपास नाहीच. बाई म्हणाल्या, लेसरचा गुण असेल, विश्रांतीचा असेल, गप्प बसण्याचाही असेल, कुणाचा किती ते सांगता येत नाही. मी सांगितलं, लेसरचाच.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६
लेकीला आपणहून फोन केला. मुद्दे त्रेपन्न. सुरुवात अगदी प्रेमाने केली. सातव्या मुद्द्याला ती म्हणाली, मीटिंग आहे. ऑफिस सोडलेल्या माणसाला कसली मीटिंग? हा आठवा मुद्दा म्हणून मध्ये घेतला. अकराव्याला लक्षात आलं, फोन कधीचाच बंद आहे. नेटवर्क.

९ एप्रिल
आठ दिवस नेटवर्क नाही. हिच्या फोनला आहे. माझं सिमकार्ड जुनं झालं असणार. उद्या बदलणे.

१० एप्रिल
सिमकार्ड बदललं. दुकानदार म्हणाला, जुनं चांगलं होतं.
घरी आलो तर स्वयंपाकघरात हिचा फोन स्पीकरवर. लेक विचारत होती, बाबाचा जबडा आता कसा आहे? ही म्हणाली, ठणठणीत. लेक म्हणाली, बरं झालं. मग म्हणाली, पण मधला महिना किती छान बोलायचो गं आम्ही.
मी दारातच चपला काढल्या. परत घातल्या. परत काढल्या. वाईट वाटलं.

११ एप्रिल, सकाळी ८
उजवीकडे पुन्हा किंचित दुखल्यासारखं वाटतंय. लेकीला कळव, असं हिला सांगितलं. ही म्हणाली, आत्ताच तर कच्चं गाजर कडाकडा खाल्लंत. म्हणालो, त्यानेच झालं असेल. ही मग फोन घ्यायला गेली.
वही माळ्यावर टाकली.

संध्याकाळी ७
फोन आला. तिने विचारलं, बाबा, फार दुखतंय का रे?
हं, म्हणालो.