दुपारची शिट्टी

४ डिसेंबर
पोचलो एकदाचा. बोटीवर चार दिवस पोटात अन्न ठरलं नाही, पण बेट दिसलं आणि सगळा शीण गेला. पत्र्याची एक खोली, दोन खाटा, एक स्टोव्ह आणि दारात हसत उभा असलेला माझा सख्खा मामा. नऊ वर्षं तो इथे सशांच्या मागे आहे. कधीकाळी खलाशांनी चार ससे सोडले, त्यांचे हजारो झाले आणि त्यांनी बेट पोखरून काढलं. गेल्या हिवाळ्यात विष घालून शेवटचा ससा संपवला. दक्षिण टोकाकडे डिसेंबर म्हणजे उन्हाळा, मी आता फक्त पक्ष्यांची घरटी मोजायची. बोट २८ तारखेला परत येईल. पोराला हातीपायी धड परत पाठव, असं आईने मामाला बजावून लिहिलंय.

मामाने आल्या आल्या माझ्या गळ्यात शिट्टी अडकवली. तशीच त्याच्याही गळ्यात आहे. जमिनीत जागोजाग सशांची बिळं आहेत. पाय गेला आणि मोडला, तर ती वाजवायची.

६ डिसेंबर
आज फौजदारांची ओळख झाली. पुस्तकात त्यांना स्कुआ म्हणतात. तपकिरी, कोंबड्याएवढा समुद्रपक्षी, चोचीला आकडा. दारात येऊन हप्ता मागतात म्हणून मामाने ठेवलेलं नाव. तो रोज दुपारी ससे सोलायचा, शिट्टी फुंकायचा आणि आतडी बाहेर फेकायचा. एकट्या माणसाला तेवढीच सोबत. मला गंमत दाखवायला त्याने आज पुन्हा शिट्टी वाजवली. मिनिटभरात दीडशे फौजदार अंगणात उतरले. त्यांना द्यायला आमच्याकडे काहीच नव्हतं, तरी ते तासभर हलले नाहीत.

"चुकलंच रे माझं," मामा म्हणाला आणि दार लावून घेतलं.

११ डिसेंबर
सशांच्या जिवावर फौजदार वाढले, विषाने मेलेले ससे खाऊन काही मेले, उरलेले उपाशी आहेत. बिळांत राहणारे लहान समुद्रपक्षी त्यांनी फस्त केलेत. बिळांच्या तोंडाशी नुसते पंख पडलेत. आज फौजदारांची एकशे चाळीस घरटी पाहिली, त्यांतली एकशे बारा रिकामी. एका घरट्यात आई आपलंच पिल्लू खात होती. मी वहीत शून्य लिहिलं.

१४ डिसेंबर
आता ते चालत मागे येतात. थांबलो की थांबतात. मामा म्हणतो, मनावर घेऊ नकोस. स्वतः मात्र हातात काठी घेतल्याशिवाय बाहेर पडत नाही.

१७ डिसेंबर
मामा सकाळी पलीकडच्या उतारावर विषाचे रिकामे डबे गोळा करायला गेला. साडेअकराला शिट्टी ऐकू आली. तीनदा. मी धावत सुटलो. डोक्यावरून फौजदार चालले होते. तिकडेच.

मला पोचायला चाळीस मिनिटं लागली. त्यांना—

पाय मांडीपर्यंत बिळात. शिट्टी मुठीत. चेहरा मी शर्टाने झाकला. आईला काय सांगू?

१८ डिसेंबर
मामावर दगड रचले. रेडिओवरून कळवलं. जवळपास असलेली एक बोट २१ तारखेलाच पाठवतो म्हणाले. शिट्टी फेकून देणार होतो, पण मामाने स्वतःच्या हाताने घातलेली. फेकवली नाही.

१९ डिसेंबर
छपरावर चालतात. दिवसभर. पत्र्यावर नखं—

खिडकीला खाट लावली.

२१ डिसेंबर
बोट आली. वहीची पिशवी खांद्याला, ताडपत्री अंगावर घेऊन निघालो. किनारा समोर दिसत होता. म्हणून पायाखाली पाहिलं नाही.

घोट्याचं हाड बाहेर आलंय. ताडपत्रीखाली पडलोय. फटीतून दिसतं. दोन खलाशी दुसऱ्या वाटेने खोलीपाशी गेले. हाका मारताहेत. मीही मारतोय. वारा उलटा आहे. आवाज माझ्याच तोंडात परत येतो.

धुकं चढतंय. ते फार थांबणार नाहीत.

मला मामापर्यंत चाळीस मिनिटं लागली होती. खलाशी दहा मिनिटांवर आहेत. फौजदार एका मिनिटावर.

खलाशी निघाले. बोटीकडे. खरंच निघाले.

आभाळात एकही नाही. एकदाच. एकदाच वाजवतो. आई, मी—

वाजवली.

ऐकलं त्यांनी. वळले. हात हलवताहेत. पळत येताहेत इकडे. देवा, येताहेत—

थांबले. का थांबले?

वर बघताहेत. माझ्याकडे नाही, व—